लसूण आपोआप आत जातो

रविवार, १३ जानेवारी

आज कोकराचा खांदा जाळला. वरून कोळसा, आतून कच्चा. रोझमेरीची अख्खी जुडी वर बांधली होती. तिने ओव्हनमध्येच पेट घेतला आणि घरभर धूर झाला.

नोएली गेली ती ऑक्टोबरअखेर, द्राक्षवेलींची पानं लाल झाली तेव्हा. तेव्हापासून मी पाव, चीज आणि ताठा यांच्यावर जगतो आहे. आज म्हटलं, पुरे. ज्या माणसाने या गावच्या दोन पिढ्यांना भूमिती शिकवली, चौकातल्या कारंज्याच्या पायऱ्यांवरून दर एक मे रोजी मालकशाहीला आणि पाद्रीशाहीला घाम फोडला, त्याला एक खांदा भाजता येऊ नये? स्वयंपाक म्हणजे काय? उष्णता आणि वेळ. दोन्ही मोजता येतात. मोजता येतं ते शिकता येतं.

धूर बाहेर जावा म्हणून खिडकी उघडली. समोरच्या झुल्मा बेरारनेही तिची उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि लावून घेतली. ती बोलली नाही. मीही बोलत नाही. नोएलीच्या शेवटच्या आठवड्यात मी औषध आणायला शहरात गेलो होतो. तेवढ्यात या बाईने मागच्या दाराने पाद्र्याला माझ्या घरात आणलं. आमच्या लग्नापासून या उंबऱ्याने काळा झगा पाहिला नव्हता. मी आलो तर खोलीत मेणबत्तीचा वास, आणि झुल्मा जिन्यावरून उतरत होती. मी तिला जे बोललो ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. नोएलीला ऐकू गेलं नसावं. ती झोपली होती. चेहरा कितीतरी दिवसांनी शांत दिसत होता. डॉक्टरांच्या नव्या थेंबांचा गुण.

नोएलीला मी पाद्र्याशिवाय निरोप दिला, लाल फितीनिशी आणि भाषणानिशी. झुल्मा दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभी राहिली, आत आली नाही. लहानपणापासूनच्या मैत्रिणी होत्या दोघी. तत्त्वापुढे मैत्री किती टिकते ते तेव्हा दिसलं.

ही वही त्याच आठवड्यात आणली. संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून मी मोठ्याने बोलतो आणि समोर शिवणकाम करणारं कोणी नसतं. माणसाने भिंतीशी बोलू नये. कागदाशी बोललं तर निदान लिखाण म्हणता येतं.

रविवार, २० जानेवारी

काल पाव आणायला गेलो. सिप्रियें बेकरीवाला माझा जुना विद्यार्थी. भागाकारात कच्चा होता, भट्टीत पक्का निघाला.

"गुरुजी, मागच्या रविवारी गल्लीत धूर फार होता म्हणे."

"गावाला दुसरं काम नाही?"

"काम आहे, पण धूर दिसतोच की. तुम्ही असं करा, खांदा इकडे आणा. पाव निघाला की भट्टी उतरतीला लागते, तेव्हा सगळ्यांची ताटं आत जातातच. नोएलीकाकू नाही का आणायच्या?"

आणायची खरी. दर रविवारी पिवळं मातीचं ताट फडक्यात बांधून घेऊन जायची आणि तासभर परत यायची नाही. बेकरीतल्या बायकांच्या गप्पा, दुसरं काय. मी तेवढ्या वेळात वर्तमानपत्र वाचून काढायचो.

आज मीही तेच ताट घेतलं. तळाला बटाटे आणि कांद्याच्या चकत्या, वर खांदा, खांद्यावर लसणाच्या चार पाकळ्या आणि थोडा थाइम. सिप्रियेंने ताट घेतलं आणि म्हणाला, "एक अट आहे. ठेवलंत की सरळ घरी जायचं. बाराला न्यायला या. मधे इकडे वळून पाहायचं नाही. भट्टीला नजर लागते."

"अंधश्रद्धा."

"असेल. पण भट्टी माझी आहे ना, गुरुजी."

बाराला ताट आणलं. मी खोटं लिहिणार नाही: चमच्याने तुटेल असं मांस होतं. बटाट्यांनी रस पिऊन घेतला होता. सगळं मी केलं, पहिल्याच झटक्यात.

जेवताना समोरच्या खुर्चीला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

रविवार, ३ फेब्रुवारी

एक शोध. मी लसूण वर ठेवतो, ताट परत येतं तेव्हा पाकळ्या मांसाच्या आत असतात, खोलवर, हाडाजवळ. आज मुद्दाम निरखून पाहिलं. स्पष्टीकरण सोपं आहे. तापल्यावर मांसाचे धागे उघडतात, लसूण मऊ होतो आणि खाली ओढला जातो. तीनशे वर्षं बायका सुरीने टोचे मारत बसल्या, कुणी विचार केला नाही. परंपरा म्हणजे दुसरं काय असतं? न विचारलेला प्रश्न.

दुसरं असं की आज मी मीठ घालायला विसरलो. तरी मांस चवीला बरोबर खारट होतं. यावरही विचार केला. बाप्तिस्तें धनगर ल्यूरच्या डोंगरावर चपट्या दगडांवर मीठ पसरतो, मेंढरं ते चाटतात. ते अंगात उतरत असणार. गाढवमिरीचा, डोंगरावरच्या त्या तिखट रानपाल्याचा, वासही येतो, जी मी घातलेली नाही. तीही मेंढराने डोंगरावर खाल्लेली. आपण ज्याला चव म्हणतो ती चारा आहे, भूगोल आहे. देवाचा त्यात काही हात नाही.

शेतकी मासिकाला यावर एक टिपण पाठवावं म्हणतो.

रविवार, १७ फेब्रुवारी

मिस्ट्राल वारा चार दिवस वाहतो आहे. झडपा आपटतात, दाराखालून धूळ येते. अशा वाऱ्यात नोएली दाराच्या फटीत जुनं फडकं कोंबायची. कुठलं फडकं ते सापडत नाही. मी वर्तमानपत्र कोंबलं. वाऱ्याने अग्रलेख खोलीभर पसरला.

बाराला ताट आणायला गेलो तेव्हा झुल्मा बेकरीतून बाहेर पडत होती. रविवारच्या काळ्या पोशाखाच्या बाहीवर तेलाचा डाग. ही बाई पूर्वी अशी गबाळी नव्हती. मी डावीकडे पाहिलं, तिने उजवीकडे.

मांस उत्तम. अर्धं उरलं. माझं गणित एकाचं बसत नाही. मी कितीही लहान खांदा मागितला तरी रात्री ताटात दुसऱ्याचा घास राहतोच.

रविवार, १० मार्च

आज बेकरीत बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. एकीने विचारलं, "गुरुजी, तुमचा खांदा इतका छान कसा होतो?" प्रश्न विचारला की मी उत्तर देतो, तो माझा धर्म आहे, एकमेव. लसणाची गोष्ट समजावून सांगितली. धागे, उष्णता, ओढ. टोचे मारण्यात बायकांचे किती तास वाया जातात ते सांगितलं. स्वयंपाकघर ही शेवटची गढी आहे जिथे तर्काला शिरू दिलेलं नाही, असं म्हणालो.

बायका ताटांवरची फडकी सारखी करू लागल्या. सिप्रियेंची बायको आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ खोकत राहिली. पिठाची धूळ. मी सिप्रियेंला म्हटलं, "तिला डॉक्टरकडे ने."

"नेतो, गुरुजी," तो म्हणाला आणि पिठात तोंड खुपसून काहीतरी शोधू लागला.

भाषण चांगलं झालं. घरी येताना मनात त्यातली वाक्यं पुन्हा म्हणत होतो. दार उघडलं आणि थांबलो. घराला वाक्यं नको असतात.

मंगळवार, २६ मार्च

बदाम फुलले. कोणाला सांगणार?

शनिवार, १३ एप्रिल

बाप्तिस्तें डोंगरावरून आला. दरवर्षी ईस्टरच्या आधी तो कोकराची एक मांडी देतो. एकदा मेंढरांच्या जुन्या वाटा बंद करायला निघाले होते, तेव्हा मी धनगरांच्या बाजूने बोललो होतो. वाटा राहिल्या. तेव्हापासून ही मांडी. मी ईस्टर मानत नाही. वसंताचं जेवण म्हणतो. मांडीला काय, दोन्ही सारखंच.

पिशवीतून काढून त्याने ती टेबलावर ठेवली. मोठी, गुलाबी, वर पांढरी चरबी.

"बाप्तिस्तें, अर्धी दे. बाकी घेऊन जा."

"अर्धी मांडी? अहो मास्तर, मग काय लंगडं मेंढरू डोंगरावर सोडू?"

"मी एकटा आहे."

"ते माहितेय मला." त्याने टोपी डोक्यावरून काढली, परत घातली. "पण मांडी एकट्यासाठी नसते ना. मेंढरालाच ठाऊक नाही तसं. कुणाला तरी बोलवा."

"कुणाला?"

तो खिडकीतून समोरच्या झडपांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला मेंढरं हाकायची आहेत," आणि गेला.

या टेबलाशी ईस्टरला नेहमी चौघं असायचो. मी, नोएली, झुल्मा आणि तिचा पास्काल. पास्काल आणि मी वाद घालायचो, तो मूर्ख होता आणि छान वाद घालायचा. तो गेला तेव्हा तिघं झालो. जेवणाआधी झुल्मा कपाळाला हात लावून क्रूस काढायची आणि मी त्याच क्षणी मुद्दाम सुरीने ताटावर आवाज करायचो. नोएली टेबलाखालून माझ्या पायावर पाय द्यायची.

आता पाहतो, मांडी टेबलावर आहे आणि आठ दिवस आहेत. एक तर मी ती एकटा खाईन, किंवा मान खाली घालीन. मान खाली घालायचं माझ्या मानेला वळण नाही.

रविवार, १४ एप्रिल

अघटित. आज ताट परत आलं ते ओळखू येईना. खांदा वर सुकून लाकूड झालेला, बटाटे तळाला चिकटलेले, आणि लसणाच्या पाकळ्या जिथे ठेवल्या तिथेच, काळ्या पडून, चार मेलेल्या माशांसारख्या. मीठ नाही. गाढवमिरी नाही.

"सिप्रियें, भट्टी बिघडली तुझी."

"भट्टी तीच आहे, गुरुजी."

"मग हे काय?"

त्याने हात पुसले, पुन्हा पुसले. "झुल्माकाकू पडल्या काल. उंबऱ्यावरून. उजवं मनगट मोडलं. मुलाने शहरात नेलं, आज संध्याकाळी येतील."

"त्यांचं वाईट वाटतं. पण मी तुला भट्टीबद्दल विचारतोय."

"मी भट्टीबद्दलच सांगतोय," तो म्हणाला.

दुसऱ्यांची ताटं झकास निघाली होती. माझंच तेवढं. आज फांद्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा, गावभर ऑलिव्हच्या आशीर्वाद दिलेल्या डहाळ्या मिरवत होते. मला शंका नाही: पाद्र्याच्या बाजूच्या कोणीतरी माझं ताट कोपऱ्यात सरकवलं. तिथे भट्टी सगळ्यात जास्त तापलेली असते. सिप्रियेंला तसं म्हटलं. तो पहिल्यांदाच चिडला.

"गुरुजी, तुम्ही मला भागाकार शिकवलात. कधीतरी स्वतःही करून बघा."

मी ताट उचललं आणि निघालो. यापुढे त्या भट्टीत माझं काही जाणार नाही. दुपारी काबुली चणे खाल्ले, सगळं गाव आज तेच खातं. त्यात श्रद्धेचा काही भाग नाही, घरात दुसरं काही नव्हतं.

शुक्रवार, १९ एप्रिल

कालपासून चर्चच्या घंटा बंद आहेत. लहानपणी सांगायचे, घंटा रोमला जातात आणि ईस्टरला परत येतात. भंपकपणा. पण खरं लिहितो, आवाज नसला की गाव खोल विहिरीसारखं वाटतं. घंटा वाजली की मला चिडायला काहीतरी मिळायचं.

ठरवलं आहे. मांडी घरातच, विस्तवासमोर, दोरीला टांगून. धनगर तशीच करतात, भट्टी नको, बेकरीवाला नको. धुराड्याच्या आडव्या लाकडाला पास्कालनेच एकदा खिळा ठोकून दिला होता. ओल्या दोरीला मांडी बांधायची, पीळ द्यायचा, सोडायची. ती आपली फिरते, पीळ सुटतो, उलटी फिरते, मग मंदावते आणि थांबते. थांबली की पुन्हा पीळ.

आज सराव म्हणून माझा लाकडी बूट टांगून पाहिला. बूट फिरत होता, मी बसलो होतो. तो थांबला की मी उठायचो, पीळ द्यायचो, बसायचो. बराच वेळ गेला. मग लक्षात आलं की विस्तव पेटवलेलाच नाही.

समोर झडपा अर्ध्या उघड्या होत्या. झुल्मा परत आली असणार. धुराड्यातून धूर नव्हता. एका हाताने लाकूड फोडता येत नाही.

शनिवार, २० एप्रिल

पहाटे गल्लीत तिच्या दारापाशी फोडलेल्या लाकडांची मोळी ठेवली. माझ्याकडे जास्तीची होती, ओलही लागत होती.

रविवार, २१ एप्रिल

सकाळीच घंटा परत आल्या. पाहिजे तेवढ्या वाजल्या.

मोठा जाळ केला आणि निखारा धरू दिला. मांडीला ऑलिव्हचं तेल चोळलं, थाइम चोळला, लसूण वर दोरीच्या वेढ्याखाली अडकवला, दोरीला टांगली. खाली तांब्याचं तसराळं, त्यात पांढरे घेवडे, वरून ठिबकणारा रस झेलायला. रोझमेरीच्या फांदीने तेल लावायचं. सगळं पद्धतशीर.

पण या रीतीत एक खोट आहे, ती कोणी सांगत नाही. ही रीत एकट्या माणसाची नाही. लाकडं आणायला परसात गेलो की मांडी थांबते. तेल लावायला बसलो की जाळ उतरतो. घेवडे हलवावेत तर दोरीचा पीळ सुटतो. धनगर ईस्टरला चार-पाच जण बसलेले असतात, एक जण गातही असतो. मी इकडून तिकडे धावत होतो. लसणाच्या पाकळ्या एकेक करून तसराळ्यात पडल्या.

धूर मागे फिरला तशी खिडकी उघडली. समोर झुल्मा खिडकीत, हात गळ्यात बांधलेला.

"फॉर्तुने, एक बाजू करपतेय," ती म्हणाली.

शरद ऋतूनंतरचं पहिलं वाक्य.

"मी विचारलं नाही."

"नाकाला कोण विचारतं? मांडी थांबलीय तुझी. जा, पीळ दे."

मी गेलो, पीळ दिला आणि खिडकीशी परत आलो. परत का आलो ते मला सांगता येणार नाही.

"लसूण कुठं घातलास?"

"वर."

"वर?"

"तापलं की आपोआप आत जातो."

ती माझ्याकडे बघत राहिली. वर्गात एखादं पोर चुकीचं उत्तर इतक्या खात्रीने देतं की शिक्षकालाच क्षणभर शंका येते, तसं.

"आपोआप," ती म्हणाली.

"दर रविवारी पाहिलंय मी. हे निरीक्षण आहे, ऐकीव गोष्ट नाही."

"आणि मागच्या रविवारी? गेला का आत?"

"नाही. मागच्या रविवारी भट्टी बिघडली होती."

"मागच्या रविवारी," झुल्मा म्हणाली आणि गळ्यातल्या हाताकडे पाहिलं. मग पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत, पाठीवरून कळत नाही.

मी त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहत उभा राहिलो. मांडी पुन्हा थांबली असणार.

धूर फार झाला होता म्हणून दार उघडं टाकलं.

थोड्या वेळाने ती आत आली. नोएलीच्या खुर्चीकडे तिने पाहिलं आणि तिपाई ओढून विस्तवाजवळ बसली. डाव्या हाताने दोरीला पीळ दिला, असा की मांडी सावकाश, एका चालीने फिरायला लागली.

"उतरव खाली. अजून वेळ गेली नाही. बारीक सुरी आण. ही नाही, टोकाची. आता हाडाच्या कडेने टोच. खोल. घाबरतोस कशाला, मेलंय ते."

"लसूण?"

"उभा घाल. आडवा नाही. आणि त्याच्याबरोबर तो खारवलेला मासा."

"कोणता मासा?"

"कपाटात खालच्या खणात, बरणीत. नोएलीनंच भरून ठेवलाय. बोटभर तुकडा, प्रत्येक भोकात."

"आणि मीठ?"

"तेच मीठ, फॉर्तुने."

टिपण मी अजून मासिकाला पाठवलेलं नव्हतं.

गाढवमिरी तिने स्वतःच्या एप्रनच्या खिशातून काढली. फडक्यात बांधलेली होती. खिशात ती का होती, ते मी विचारलं नाही.

मांडी परत टांगली. तिने पीळ द्यायचा, मी तेल लावायचं. रस ठिबकत होता, निखाऱ्यावर पडला की फुसफुसत होता. मग माझ्या तोंडून निघालंच. सहा महिने घोटलेलं वाक्य होतं, पण ते घोटलं होतं तसं निघालं नाही.

"मागच्या दारानं, झुल्मा. चोरासारखं. माझ्या घरात."

ती दोरीकडेच बघत होती. "मी नाही बोलावलं त्याला. तिनं बोलावलं."

"नोएलीनं?"

"तू शहरात जायची वाट बघत होती. म्हणाली, त्याला सांगू नकोस. म्हणाली, तो भाषण करील, आणि ते ऐकायची ताकद आता माझ्यात नाही."

मांडी मंदावली. झुल्माने पीळ दिला नाही. तिचा हात गुडघ्यावर पडून होता. मी उठलो आणि दोरीला पीळ दिला. मांडी फिरायला लागली. थांबली, तेव्हा पुन्हा दिला.

"मला बोलायचंस तेव्हा," मी म्हणालो. "जिन्यावर. मी इतकं बोललो तेव्हा."

"तिनं नको म्हटलं होतं ना."

"मग आज का सांगतेस?"

"आज तू विचारलंस. त्या दिवशी तू विचारलं नव्हतंस, सांगत होतास."

त्यानंतर मांडीबद्दलच बोललो. रंग आला का, उतरवू का, अजून थोडं.

टेबलावर दोन ताटं मांडली. तिने सिप्रियेंच्या बायकोने दिलेलं सूपही आणलं होतं, ते कोणी प्यायलं नाही. मांडी मधे ठेवली. वरची कातडी तपकिरी, कुरकुरीत, टोच्यांतून लसणाची पांढरी टोकं दिसत होती. मी सुरी घेतली.

झुल्माने डावा हात कपाळाकडे नेला. उजवा बांधलेला होता. डाव्या हाताने तिला सवय नव्हती, क्रूस वाकडा झाला, तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मी सुरी हातात धरून थांबलो. विस्तवावरून उतरवलेलं मांस जरा वेळ तसंच राहू द्यायचं असतं. लगेच कापलं तर रस वाहून जातो. म्हणून थांबलो.

तिचं झाल्यावर तिचं मांस मी कापून दिलं, लहान लहान तुकडे, एका हाताने खाता येतील असे. मांडी फार मोठी होती. तरी कमी उरली.

बुधवार, १ मे

कारंज्याच्या पायऱ्यांवरून भाषण केलं. मजुरीबद्दल बोललो, युद्धाबद्दल बोललो. पाद्र्याबद्दलचा भाग आला तेव्हा पाण्याचा घोट घेतला आणि पुढे गेलो.

नंतर सिप्रियें जवळ आला. "गुरुजी, बरं नाही का? यंदा लवकर आटपलंत."

"तुझ्या बायकोचा खोकला कसा आहे?"

"गेला," तो म्हणाला. "रविवारी ताट आणा."

रविवार, १९ मे

आज परत भट्टीत ताट नेलं. बटाटे, कांदे, खांदा. सुरी टोकदार आहे आणि टोचे कसे मारायचे ते मला आता येतं. तरी लसूण वर ठेवला, चार पाकळ्या, न टोचता. खारवलेल्या माशाचा तुकडा कागदात गुंडाळून ताटाच्या कडेला ठेवला.

सिप्रियेंने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि नेहमीचं म्हणाला, "ठेवलंत की घरी जा. वळून पाहायचं नाही."

घरी गेलो नाही. कारंज्याच्या पायऱ्यांवर बसलो. या पायऱ्यांवर मी आयुष्यभर उभा राहिलो तो चर्चकडे पाठ करून, चौकाकडे तोंड करून. आज पहिल्यांदा उलट बसलो. तेव्हा दिसलं की बेकरीचं दार आणि चर्चचं दार समोरासमोर आहेत, मधे फक्त रस्ता. बायका ताटं घेऊन येत होत्या. आत ठेवायच्या, बाहेर यायच्या, हात एप्रनला पुसायच्या, एप्रन सोडून घडी करून पिशवीत टाकायच्या आणि रस्ता ओलांडून आत जायच्या. कोणाला फार वेळ लागत नव्हता. मिस्सा, त्यांची रविवारची प्रार्थना, तासाभराची असते.

तासभर.

लग्नानंतरच्या प्रत्येक रविवारी. पिवळं ताट, फडकं, आणि मी घरी वर्तमानपत्र वाचत. परत आली की तिचा चेहरा ताजा असायचा. मी म्हणायचो, गप्पा झाल्या का पोटभर? ती म्हणायची, झाल्या.

आतून गाणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. मी उठलो नाही. संपेपर्यंत बसून राहिलो.

लोक बाहेर पडले. झुल्मा सगळ्यांच्या मागून आली. हाताची पट्टी सुटली आहे, पण बोटं अजून सावकाश वळतात. तिने मला पायऱ्यांवर पाहिलं नाही, किंवा पाहिलं. एप्रनची नाडी बांधत रस्ता ओलांडला आणि बेकरीत शिरली.

मी तोंड फिरवलं आणि कारंज्याच्या पाण्याकडे बघत बसलो. सिप्रियेंने सांगितलंच होतं, वळून पाहायचं नाही.